सदर्न रॉक संगीतकारांची दफनस्थळे : स्मृती, दंतकथा आणि समीक्षा

प्रस्तावना

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्लूज, कंट्री, जाझ आणि रॉक अँड रोल यांच्या संयोगातून जो संगीतप्रकार आकारास आला, तो 'सदर्न रॉक' या नावाने ओळखला जातो. १९६९ मध्ये स्थापन झालेला 'ऑलमन ब्रदर्स बँड' आणि फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल शहरातून पुढे आलेला 'लिनर्ड स्किनर्ड' हे या प्रकाराचे दोन प्रमुख आधारस्तंभ होत. या दोन्ही बँडच्या वाट्याला अकाली मृत्यू आले. परिणामी त्यांच्या संगीताची चर्चा अनेकदा त्यांच्या मृत्यूच्या चर्चेत विरून जाते आणि त्यांच्या रचनांमध्ये मरणाची पूर्वसूचना शोधली जाते. प्रस्तुत लेखात या संगीतकारांच्या दफनस्थळांच्या आधारे या दृष्टिकोनाची चिकित्सा केली आहे. दफनस्थळ हे स्मृतीचे साधन आहे; ते नियतीचा पुरावा ठरू शकत नाही, हे येथील मुख्य प्रतिपादन आहे.

रोझ हिल : दफनभूमीतून संगीताकडे

जॉर्जिया राज्यातील मेकन शहरात ओकमल्गी नदीच्या काठी रोझ हिल ही १८४० मध्ये स्थापन झालेली दफनभूमी आहे. ऑलमन ब्रदर्स बँडचे तरुण सदस्य येथे निवांतपणे वेळ घालवीत. त्यांच्या १९६९ मधील पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या मलपृष्ठावरील छायाचित्र याच परिसरातील आहे. म्हणजेच या कलावंतांचा दफनभूमीशी असलेला संबंध त्यांच्या मृत्यूपासून सुरू होत नाही. तो त्यांच्या सर्जनकाळातच जुळलेला होता.

गिटारवादक डिकी बेट्स यांची 'इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड' ही वाद्यरचना १९७० मधील 'आयडलवाइल्ड साउथ' या ध्वनिमुद्रिकेत प्रथम आली. तिचे शीर्षक रोझ हिलमधील एका स्मृतिशिलेवरून घेतलेले आहे. शीर्षकावरून ही रचना शोकगीत वाटते. प्रत्यक्षात ती एका जिवंत स्त्रीला उद्देशून होती आणि तिचे नाव उघड होऊ नये म्हणून बेट्स यांनी शिलेवरील नावाचा आडोसा घेतला. १९७१ मधील 'अ‍ॅट फिलमोर ईस्ट' या थेट ध्वनिमुद्रणात ही रचना ऐकताना दोन गिटारांचा संवाद आणि जाझच्या वळणाने होणारा विस्तार लक्षात येतो. तेथे विलापापेक्षा उत्कंठा अधिक आहे. शीर्षकातील मृत व्यक्तीचे नाव आणि रचनेचा भावाशय यांत अंतर असू शकते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

ड्वेन ऑलमन यांच्या 'लिटल मार्था' या छोट्या रचनेचे नावही रोझ हिलमधील मार्था एलिस या बालिकेच्या थडग्याशी जोडले जाते. ऑक्टोबर १९७१ मध्ये ती ध्वनिमुद्रित झाली आणि २९ ऑक्टोबर रोजी मेकनमध्येच मोटारसायकल अपघातात ड्वेन यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय २४ वर्षे होते. पुढे ११ नोव्हेंबर १९७२ रोजी बँडचे बासवादक बेरी ओकली यांचाही त्याच वयात, पहिल्या अपघातस्थळापासून थोड्याच अंतरावर, मोटारसायकल अपघातानेच मृत्यू झाला. रोझ हिलमध्ये दोघांची थडगी शेजारी शेजारी आहेत. ड्वेन यांच्या शिलेवर गिटार कोरलेली असून त्यांच्या दैनंदिनीतील मजकूरही आहे. जगण्यावरील प्रेम आणि उत्तम माणूस होण्याचा निर्धार त्यात व्यक्त झाला आहे. ओकली यांच्या शिलेवर मृत्यूच्या तारखेपूर्वी 'मुक्त झाला' अशा अर्थाचे शब्द आहेत. २०१७ मध्ये ड्वेन यांचे धाकटे बंधू, गायक ग्रेग ऑलमन यांनाही याच ठिकाणी चिरविश्रांती देण्यात आली.

ऑरेंज पार्क : रिकामे थडगे

लिनर्ड स्किनर्डच्या बाबतीत चित्र वेगळे आहे. २० ऑक्टोबर १९७७ रोजी ग्रीनव्हिलहून बॅटन रूजकडे जाणारे या बँडचे विमान मिसिसिपी राज्यातील गिल्सबर्गजवळ कोसळले. त्यात गायक रॉनी व्हॅन झँट, गिटारवादक स्टीव्ह गेन्स, त्यांची बहीण व सहगायिका कॅसी गेन्स यांच्यासह सहा जण मृत्युमुखी पडले. रॉनी आणि गेन्स बहीणभाऊ यांना जॅक्सनव्हिलजवळील ऑरेंज पार्क येथे विसावा मिळाला. मात्र २९ जून २००० रोजी अज्ञातांनी रॉनी यांचे थडगे फोडून शवपेटी बाहेर काढली आणि स्टीव्ह यांच्या रक्षेच्या कलशाचीही विटंबना केली. रॉनी यांना एका विशिष्ट टी-शर्टमध्ये पुरले आहे, अशी आख्यायिका चाहत्यांत प्रचलित होती. या कृत्याचा संबंध अनेकांनी तिच्याशी जोडला. त्यानंतर रॉनी यांचे अवशेष जॅक्सनव्हिलमधील रिव्हरसाइड मेमोरियल पार्क येथे हलविण्यात आले. ऑरेंज पार्क येथील मूळ स्मारक मात्र तसेच राहिले.

ज्या ठिकाणी देह नाही, त्या ठिकाणीही चाहते जातात. यावरून स्मृतीला अवशेषांची गरज नसते, हे स्पष्ट होते. त्याचबरोबर दंतकथेचे रूपांतर कुतूहलात आणि कुतूहलाचे रूपांतर आक्रमणात कसे होते, हेही दिसते. कलावंत सार्वजनिक असला तरी त्याचे दफनस्थळ प्रथमतः त्याच्या कुटुंबीयांचे असते, ही मर्यादा रसिकतेने ओलांडता कामा नये.

नियती की परिस्थिती?

अपघाताच्या तीनच दिवस आधी प्रकाशित झालेल्या 'स्ट्रीट सर्व्हायव्हर्स' या ध्वनिमुद्रिकेच्या मुखपृष्ठावर बँडचे सदस्य ज्वाळांनी वेढलेले दिसत होते. अपघातानंतर ते मुखपृष्ठ बदलण्यात आले. याच ध्वनिमुद्रिकेतील 'दॅट स्मेल' हे गीत आजही भविष्यवाणी म्हणून ऐकले जाते. वस्तुतः गिटारवादक गॅरी रॉसिंग्टन यांना १९७६ मध्ये झालेल्या मोटार अपघाताची पार्श्वभूमी त्याला आहे. सहकाऱ्यांच्या व्यसनाधीनतेविषयी रॉनी यांनी दिलेला तो स्पष्ट इशारा होता. त्याला भविष्यवाणी मानले की त्यातील नैतिक धार बोथट होते. विमान अपघाताच्या अधिकृत चौकशीतही इंधन संपणे आणि चालकवर्गाने इंधनसाठ्याकडे पुरेसे लक्ष न देणे, ही कारणे नोंदविली गेली. टाळता येण्याजोग्या चुकीला नियतीचे नाव दिल्यास जबाबदारीचा प्रश्नच उरत नाही.

स्मृतीचा भूगोल

दफनस्थळांचा हा नकाशा अपूर्णही आहे. रोझ हिलमध्ये यादवी युद्धातील दक्षिणेच्या सैनिकांची थडगी आहेत. त्यामुळे तेथील सदर्न रॉकची स्मृती श्वेतवर्णीय दक्षिणेच्या इतिहासाशी सहज जोडली जाते. परंतु मेकनमध्येच वाढलेले कृष्णवर्णीय गायक ओटिस रेडिंग १० डिसेंबर १९६७ रोजी विमान अपघातात मरण पावले. ते राउंड ओक येथील स्वतःच्या शेतावर विसावले आहेत. त्यांचे व्यवस्थापक फिल वॉल्डन यांनीच पुढे ऑलमन ब्रदर्सना उभे केले. या बँडचे संस्थापक सदस्य जेमो हे कृष्णवर्णीय तालवादक पूर्वी रेडिंग यांच्या साथीला होते. एप्रिल २०२४ मध्ये डिकी बेट्स यांचे निधन झाल्यानंतर मूळ सहा जणांपैकी जेमो हे एकटेच मागे राहिले. सदर्न रॉकची परंपरा केवळ रोझ हिलच्या कुंपणात पाहिल्यास राउंड ओकपर्यंत पोहोचणारा हा धागा हरवतो.

समारोप

रोझ हिल आणि ऑरेंज पार्क या दोन स्थळांच्या विवेचनातून असे दिसते की, थडगी बोलकी असली तरी संगीताचा अर्थ ती ठरवीत नाहीत. २४ वर्षांच्या आयुष्यात ड्वेन ऑलमन यांनी गिटारवर जे सामर्थ्य मिळविले, ते अथक रियाजाचे फळ होते. रॉनी व्हॅन झँट यांच्या गीतांतील साधेपणा हा कसून केलेल्या निवडीचा परिणाम होता. त्यांच्या मृत्यूला गूढतेचे वलय दिल्याने या श्रमांचे मोल कमी होते. समीक्षकाने दफनभूमीत अवश्य जावे, शिलालेख वाचावेत. मात्र निर्णय रचना ऐकूनच करावा. या कलावंतांना हीच यथोचित आदरांजली ठरेल.