व्यापार, नीति आणि कुमारप्पा

व्यापारनीति म्हणजे दानधर्म अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनीं जे. सी. कुमारप्पांचें ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ अवश्य वाचावें. लंडनला हिशेबतपासणी व अमेरिकेंत व्यापारशास्त्र शिकलेले, गुजरात विद्यापीठांत अध्यापक असलेले हे पंडित १९३४ नंतर वर्ध्याच्या मगनवाडींत ग्रामोद्योग संघाचे चिटणीस होते. १९४५ चा हा ग्रंथ त्यांनीं तुरुंगांत लिहिला.

दुसऱ्याचा जीव घेणारा वाघ आणि पिलांना भरविणारी पक्षिणी ह्या दोन टोकांमध्यें ते सर्व अर्थव्यवहार मांडतात. मिळकत किती, ह्याआधीं ती कशी झाली, हा त्यांचा प्रश्न. २०१३ च्या कंपनी कायद्यानें मोठ्या कंपन्यांस सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यास लावावयास सांगितलें. पण त्या कलमाचें काम नफा हातीं आल्यावर सुरू होतें. कुमारप्पांची दृष्टि निःसंशय अधिक खोल आहे.

तथापि एक उणीव आम्हांस खटकते. पक्षिणी आपल्याच पिलांना भरविते. पेढीवाल्याचें गिऱ्हाईक त्याचें पिलूं नव्हे. उपमा दिशा दाखविते, वजनमाप देत नाहीं. मजुरी वा भाव न्याय्य कोठें ठरतो, हें तिच्यावरून कळत नाहीं. वाणिज्याच्या विद्यार्थ्यांहातीं हा ग्रंथ द्यावा, आणि त्याबरोबर हा प्रश्नहि द्यावा.