आधी पान बघा, मग केसपेपर

आजचा विषय जरा आडवळणाचा आहे. एखादा माणूस अंथरुणाला खिळलेला आहे आणि संगीताच्या ओढीने तो अक्षरं काढतोय. त्या अक्षरांचं मोल आपण कसं करायचं? 'आजारपणात केलंय हो' म्हणून, की चांगलं झालंय म्हणून?

अक्षर आणि गाणं यांचं नातं आपल्याला नवीन नाही. येडशीतल्या एखाद्या घरात पोर पेटी शिकत असेल तर त्याचं पुस्तक उघडा. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. आणि बंदिशीचे बोल लिहिताना मध्येच येतो तो अवग्रह : ऽ. ह्याला स्वतःचा उच्चार नाही. आधीचं अक्षर अजून संपलेलं नाही, एवढंच तो सांगतो. म्हणजे गवयाचा दमसास कागदावर दिसायला लागतो. हा अवग्रह लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दमसासाचं नाव निघालं की कुमार गंधर्व आठवतात. क्षयाने ते देवासला पडून होते, काही वर्षं गाणं बंद होतं. त्या काळात माळव्यातली लोकगीतं कानावर पडत राहिली. त्या धुनांमधून पुढे मालवती, संजारी असे राग उभे राहिले, आणि १९६५ साली मौजेने 'अनूपरागविलास' छापलं. आता लोक काय म्हणतात? एक फुफ्फुस निकामी, म्हणून गाण्यात छोट्या जागा, म्हणून मध्ये थांबणं. ऐकायला पटतं. पण क्षय त्या काळी हजारोंना झाला. ते थांबणं बोलकं एकालाच करता आलं. आजार हे कारण झालं. निवड माणसाची असते. तत्त्वज्ञानात आम्ही या दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो, समीक्षेतही ठेवायला पाहिजेत.

हीच फूटपट्टी घेऊन आता एका परदेशी पुस्तकाकडे जाऊ. कारण गाणं, अक्षर आणि आजार हे तिन्ही तिथे एकाच पानावर भेटतात. पुस्तकाचं नाव 'जॅझ', चित्रकार आंरी मातीस, प्रकाशन पॅरिस, साल १९४७. १९४१ मध्ये त्याचं आतड्याच्या कॅन्सरचं मोठं ऑपरेशन झालं होतं. त्यानंतर फार वेळ उभं राहणं जमेना. मदतनीस कागद रंगवून द्यायचे आणि हा बसून, पडून कात्रीने आकार कापायचा. अशी २० चित्रं, आणि त्यांच्यामध्ये त्याने स्वतः कुंचल्याने लिहिलेली मजकुराची पानं.

'कॅन्सर झाला म्हणून कात्री आली' असं सर्रास सांगितलं जातं. अर्धंच खरं आहे. १९३० च्या दशकात एका मोठ्या भित्तिचित्राची मांडणी ठरवताना त्याने कापलेले कागद वापरलेच होते. आजाराने ती जुनी वाट रुंद केली, एवढं म्हणू.

बरं, यात जॅझ कुठंय? चित्रात शोधाल तर फसाल. तिथे चाकूफेक्या आहे, निळ्या आकाशात इकारस आहे, सर्कस आहे. पुस्तकाचं नाव आधी 'सर्कस'च ठरलं होतं. मला संगीत सापडतं ते पानांच्या क्रमात. भडक रंगाचं चित्र येतं, मग पांढऱ्या पानावर मोठी, गोल, काळी अक्षरं, मग पुन्हा रंग. ह्या अक्षरांचं काम केवळ डोळ्यांसाठी आहे, असं मातीसने त्याच पुस्तकात सांगितलंय. फ्रेंच येत नसलं तरी काही बिघडत नाही. रंगाचा आवाज अजून डोळ्यात घुमतोय, तेवढ्यात डोळा दम घेतो. आपला तो अवग्रहच की!

दोषही सांगायला पाहिजे. मूळ कामात कागदावर कागद चिकटवलेला, त्याला जाडी होती. छापताना ती गेली, आकार सपाट झाले. मातीस स्वतःच त्यावर नाराज होता. सत्तरी ओलांडलेला, व्याधीने थकलेला माणूस. 'चालतंय' म्हणाला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. तो म्हणाला नाही. ज्याने स्वतःला सवलत दिली नाही, त्याला आपण कोण देणार?

आपल्यापैकी अनेकांच्या घरी दुखणं आहे, काहींच्या अंगात आहे. अशा माणसाने काही लिहिलं, काढलं, तर आपण लगेच 'वा वा' करतो आणि कागद बाजूला ठेवतो. त्या कौतुकात त्याचा रोगीच मोठा होतो, कलावंत मागे राहतो. पुढच्या वेळी तो कागद नीट हातात घ्या. रेघ कुठे थांबली, जागा कुठे सोडली, ते बघा. जमलं नसेल तर तसं प्रेमाने सांगा. आपल्याकडे कुणीतरी धड बघतंय, हे त्याला कळू द्या.

प्रश्न असतील तर विचारा.