हंस पिक्चर्स : लेखकाश्रयी चित्रसंस्थेचे यशापयश

मराठी बोलपटाच्या पहिल्या दोन दशकांचा विचार होतो तेव्हा 'प्रभात'चे नाव इतके अग्रभागी येते, की त्याच काळात कोल्हापुरात उभ्या राहिलेल्या हंस पिक्चर्सकडे त्या वैभवाची एक धाकटी पाती म्हणून पाहण्याची सवय समीक्षेला जडली आहे. वस्तुतः या दोन संस्थांची प्रकृतीच भिन्न होती. प्रभातचे सामर्थ्य तंत्रज्ञांच्या हातात होते. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून तेथे 'कुंकू' (१९३७) निर्माण झाला, तोही प्रथम दिग्दर्शकाची निर्मिती म्हणूनच ओळखला गेला. हंसने मात्र आपला सारा डाव लेखकावर लावला. साहित्याच्या अभ्यासकाने या संस्थेची दखल घ्यायची ती याच कारणासाठी.

कोल्हापूर सिनेटोनमध्ये मामा वरेरकरांच्या कथेवर 'विलासी ईश्वर' (१९३५) दिग्दर्शित केल्यानंतर मास्टर विनायक तेथून बाहेर पडले आणि १९३६ मध्ये बाबूराव पेंढारकर व छायालेखक पांडुरंग नाईक यांच्यासह त्यांनी हंसची स्थापना केली. राजाश्रयाने उभ्या राहिलेल्या संस्थेतून निघालेल्या या कलावंतांजवळ भांडवल बेताचे होते. 'छाया' (१९३६) या पहिल्याच चित्रपटासाठी त्यांनी वि. स. खांडेकरांना पाचारण केले. पुढच्याच वर्षी 'धर्मवीर' घेऊन प्र. के. अत्रे आले, इब्सेनच्या 'समाजाचे आधारस्तंभ' या नाटकाची ती मराठी कळा. एकाच संस्थेच्या छत्राखाली इतक्या परस्परविरुद्ध वृत्तीचे दोन लेखक नांदावेत, हे विनायकांच्या ग्रहणशक्तीचे द्योतक होय.

परंतु येथेच खरा प्रश्न उपस्थित होतो. लेखक चित्रपटात आला म्हणजे चित्रपट आपोआप वाङ्मयीन होतो काय? खांडेकरांच्या चित्रकथांत गरिबी, अन्याय, त्याग यांचा कळवळा अस्सल आहे. परंतु त्यांची पात्रे भावना भोगण्यापेक्षा ती बोलून दाखविण्यात अधिक रमतात. कादंबरीत वाचक असे वाक्य वाचून क्षणभर थांबू शकतो. पडद्यावर वाक्य निघून जाते आणि त्याच्या जागी काहीच उरत नाही. 'ज्वाला' (१९३८) मध्ये हा दोष परमावधीस पोचला. अंगार या पराक्रमी सेनापतीला राज्याचा लोभ कसा ग्रासतो, ही मॅकबेथच्या वळणाची कथा. चंद्रमोहनसारखा तेजस्वी नट, भव्य पोशाखी थाट, आणि मराठी-हिंदी अशी दुहेरी निर्मिती. या साऱ्याचा भार लहान संस्थेला पेलणे शक्य नव्हते. चित्रपट पडला आणि हंस कर्जात रुतली.

त्याच वर्षीच्या 'ब्रह्मचारी'ने दाखविलेली गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. देशभक्त जटाशंकराचे व्याख्यान ऐकून औदुंबर ब्रह्मचर्याचे व्रत घेतो, व्यायामाच्या मागे लागतो, आचार्य चंडीरामाच्या संस्थेत दाखल होतो आणि किशोरीसमोर त्याचा निर्धार डळमळू लागतो. मीनाक्षी शिरोडकरांच्या पोहण्याच्या पोशाखाचीच चर्चा त्या काळी फार झाली; रसिकतेपेक्षा कुतूहलच तीत अधिक होते. चित्रपटाचे मर्म वेगळे आहे. व्याख्यानपीठावरचा एक जड शब्द एका साध्या तरुणाने शब्दशः अंगीकारला, तर त्याचे देहाशी काय भांडण होते, हे विनायक आपल्या चालण्याबोलण्यातून दाखवितात. येथे शब्द हा दृश्याचा अडसर नाही. शब्दच घटना घडवितो.

'ब्रँडीची बाटली' (१९३९) मध्ये तर हे सूत्र आणखी नेमके झाले आहे. नगरपालिकेतला भोळा कारकून बगाराम प्रेयसीच्या आजारी भावासाठी ब्रँडी शोधत हिंडतो आणि ब्रँडी म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नसते! एका शब्दाचा अर्थ माहीत नसलेल्या माणसावर सबंध चित्रपट उभा करणे ही लेखकाचीच कल्पना. पण दामुअण्णा मालवणकरांच्या चेहऱ्यावाचून ती कागदावरच राहिली असती. दारूबंदीची चर्चा ऐन भरात असताना आलेल्या या चित्रपटाने कोणाचीही बाजू घेतली नाही, ही त्याची खरी सुसंस्कृतता.

मात्र अत्र्यांचा विनोद मराठी मध्यमवर्गाच्या बोलीत मुरलेला असल्याने त्याचे हिंदीकरण होताच त्यातला रस आटणे अपरिहार्य होते, आणि केवळ मराठी प्रेक्षकांवर जगणे संस्थेला परवडणारे नव्हते. 'अर्धांगी' (१९४०) नंतर हंसचा कारभार संपला आणि विनायक नवयुग चित्रपट या संस्थेत गेले. तेथे खांडेकरांच्याच कथेवर 'अमृत' (१९४१) झाला; मग १९४३ मध्ये विनायकांनी प्रफुल्ल पिक्चर्स काढली. वडिलांच्या निधनानंतर घरची जबाबदारी अंगावर आलेल्या लता मंगेशकरांना या संस्थेत काम मिळाले. १९ ऑगस्ट १९४७ रोजी विनायकांचा अकाली मृत्यू झाला आणि अपुरा राहिलेला 'मंदिर' दिनकर पाटलांनी पुरा केला.

अत्र्यांनी दरम्यान स्वतःची चित्रसंस्था काढली होती. साने गुरुजींच्या पुस्तकावरून त्यांनी दिग्दर्शित केलेल्या 'श्यामची आई' (१९५३) ला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक १९५४ मध्ये दिल्लीत देण्यात आले. विशेष हे की, विडंबनकार म्हणून गाजलेल्या या लेखकाने त्या चित्रपटात आपला विनोद जवळजवळ आवरून धरला आहे आणि वनमालाबाईंच्या मुद्रेला, घरातल्या साध्या कामांना बोलू दिले आहे. हा संयम लेखणीने शिकविलेला नसून हंसच्या चित्रमंदिरात विनायकांच्या सहवासात मिळालेला असावा, असे मानण्यास भरपूर जागा आहे.