‘मी आहे’पासून विश्वापर्यंत : निसर्गदत्त महाराजांच्या जाणीव-विचाराची चिकित्सा

प्रास्ताविक

जाणीव म्हणजे काय आणि विश्व कोठून आले, हे दोन प्रश्न आपल्या महाविद्यालयांत वेगवेगळ्या विषयांच्या तासाला शिकविले जातात. निसर्गदत्त महाराजांनी (१८९७–१९८१) दोहोंना एकच उत्तर दिले. मुंबईत जन्मलेले व मालवणजवळच्या कांदळगावात वाढलेले मारुती शिवरामपंत कांबळी खेतवाडीत विडीचे दुकान चालवीत. उच्च शिक्षण त्यांना मिळाले नव्हते. इंचगिरी संप्रदायाचे सिद्धरामेश्वर महाराज हे त्यांचे गुरू. त्यांचे मराठी संवाद मॉरिस फ्रीडमन यांनी इंग्रजीत आणले. ‘आय ॲम दॅट’ या नावाने ते १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभर वाचले गेले. प्रस्तुत लेखात या विचाराचे तत्त्वज्ञान म्हणून परीक्षण करावयाचे आहे.

मूळ मांडणी

महाराजांच्या मते ‘मी आहे’ ही जाणीव प्रथम उमटते, आणि तिच्यासोबतच जग दिसू लागते. गाढ झोपेत ‘मी’ नाही, म्हणून जगही नाही. सबब जाणीव हेच विश्वाचे बीज होय. पुढील काळातील संवादांत ते आणखी एक विधान वारंवार करतात : ही जाणीव अन्नरसावर पोसलेल्या देहाच्या आधारे टिकते, आणि देहाबरोबर मावळते.

येथे अडचण उभी राहते. जग जाणिवेत आहे, जाणीव देहावर अवलंबून आहे, आणि देह तर जगातच आहे. हे चक्र तोडण्यासाठी महाराज जाणिवेच्याही आधीचे परब्रह्म मानतात. परंतु ते अनुभवापलीकडचे आहे, असेही तेच सांगतात. म्हणजे अनुभवाच्या बळावर सुरू झालेला युक्तिवाद ऐन निर्णायक ठिकाणी अनुभव सोडून देतो.

मुस्लिम तत्त्वचिंतनाशी तुलना

हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. इब्न सीना (९८०–१०३७) यांनी अधांतरी तरंगणाऱ्या माणसाची कल्पना मांडली. त्याला काही दिसत नाही, ऐकू येत नाही, स्वतःच्या अवयवांचा स्पर्शही नाही. तरी ‘मी आहे’ हे त्याला कळते. येथवर इब्न सीना आणि महाराज एकत्र चालतात. पण इब्न सीना यावरून आत्म्याच्या स्वरूपाविषयी अनुमान काढतात; जग त्या माणसाच्या जाणिवेतून निघाले, असे म्हणत नाहीत. जगाच्या आरंभाचा वाद वेगळा चालला. इमाम गझाली यांनी १०९५ च्या सुमारास ‘तहाफुत अल-फलासिफा’मध्ये जग अनादि असल्याचे मत खोडून काढले, आणि पुढे इब्न रुश्द यांनी त्यास उत्तर दिले.

याहून जवळचे उदाहरण शेख अहमद सरहिंदी (१५६४–१६२४) यांचे आहे. साधकाला सर्वत्र एकच सत्ता दिसते, हे त्यांना मान्य होते. मात्र हे ऐक्य दिसण्यातले आहे, असण्यातले नाही, असे त्यांनी ठामपणे सांगितले. सूर्य उगवला की तारे दिसत नाहीत. म्हणून तारे नाहीत, असे ठरत नाही. झोपेत जग दिसत नाही, या महाराजांच्या दाखल्यालाही हेच उत्तर लागू पडते.

विज्ञानाची बाजू

विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आणि पृथ्वीचे सुमारे ४५४ कोटी वर्षे मानले जाते. मानवी जाणीव त्यात अगदी अलीकडची आहे. यावर महाराजांचा अभ्यासक म्हणेल, की हे आकडेही जाणिवेतच कळतात. खरे आहे; परंतु कळणे आणि असणे या दोन गोष्टी आहेत.

जयंत नारळीकर यांनी फ्रेड हॉइल यांच्यासमवेत महास्फोटाला पर्याय देणारे सिद्धांत मांडले. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी ते स्वीकारले नाहीत, तरी निरीक्षणांच्या कसोटीवर ते तपासता आले. वैयक्तिक दर्शनाला अशी कसोटी नसते. दुसरीकडे, मेंदूतील घडामोडींबरोबर अनुभव का असावा, हा डेव्हिड चामर्स यांनी १९९५ मध्ये मांडलेला ‘कठीण प्रश्न’ विज्ञानाने अजून सोडविलेला नाही. त्यामुळे महाराजांचा प्रश्न हसण्यावारी नेण्याचा अधिकार विज्ञानालाही नाही.

निष्कर्ष

आत्मनिरीक्षणाची पद्धत म्हणून हा विचार समर्थ आहे. विश्वोत्पत्तीचा सिद्धांत म्हणून तो अपुरा पडतो. हा भेद वर्गात स्पष्ट करणे अगत्याचे आहे. इंदूरच्या पोलोग्राउंडसारख्या औद्योगिक परिसरातून येणाऱ्या विद्यार्थ्याला, विडीच्या दुकानात बसूनही मूलभूत प्रश्न विचारता येतो, हे जरूर सांगावे. पण विचारवंताला केवळ नमस्कार करणे किंवा तो शिकलेला नाही म्हणून त्याला बाजूला सारणे, हे दोन्ही त्याचा विचार न वाचण्याचेच प्रकार आहेत. त्याचे विधान कोठवर टिकते हे तपासणे, हाच त्याचा खरा आदर होय. गझालींना उत्तर देताना इब्न रुश्द यांनी त्यांचे म्हणणे आधी क्रमाने उतरवून घेतले होते. शिक्षकाने विद्यार्थ्याला द्यावी अशी ही सवय आहे.