पडद्यावरील बाहुले

कौटुंबिक अद्भुतपटात बाहुल्याला जे स्थान लाभते ते नटाला सहसा लाभत नाही. कारण नट आपले पात्र होऊ पाहतो, बाहुले मात्र जन्मतःच ते पात्र असते, आणि म्हणूनच प्रेक्षक, विशेषतः बालप्रेक्षक, त्याच्या अस्तित्वाची कैफियत कधी मागत नाही. मराठी मुलखात या कलेची पूर्वपीठिका दुबळी मुळीच नाही. सांगलीस १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणणारे विष्णुदास भावे स्वतः लाकडी बाहुल्या घडवीत, पिंगुळीच्या ठाकर मंडळींनी कळसूत्री बाहुल्यांचा वारसा आजतागायत जतन केला आहे, आणि आमच्या नाशिक जिल्ह्यापुरते बोलायचे तर त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये आपली लहानगी कन्या मंदाकिनी हिला कृष्ण करून तिच्यापुढे कृत्रिम नाग उभा केला. सुदैवाने त्या चित्रपटाचा मोठा भाग आज उपलब्ध आहे. नागाची घडण ओबडधोबड असली, तरी तो आणि ती बालिका एकाच प्रकाशात, एकाच जागी आहेत, हे डोळ्यांना पटते आणि बाकीची उणीव मन आपखुशीने भरून काढते.

याच तत्त्वाचा विलक्षण प्रत्यय महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ने १९९३ साली दिला. मारल्या गेलेल्या गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो, ही कल्पना परकीय भयपटावरून सुचलेली, हे खरे. परंतु रामदास पाध्ये यांनी घडविलेला तात्या विंचू आणि दिलीप प्रभावळकरांनी त्याला दिलेला आवाज, या दोहोंच्या संयोगाने ते पात्र अस्सल मराठी झाले. बारकाईने पाहिल्यास ध्यानात येते की त्या बाहुल्याच्या चेहऱ्यावर भाव असे थोडेच पालटतात. वटारलेले डोळे आणि हलणारा जबडा एवढाच त्याचा सरंजाम. उरलेला सर्व अभिनय समोरच्या लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या चेहऱ्यावर घडतो. त्यांची नजर ज्या क्षणी त्या इवल्या देहावर खिळून थरकापते, त्या क्षणी बाहुले सजीव होते. बाहुल्याचा प्राण असा निम्मा सहकलाकाराच्या श्रद्धेत असतो, आणि बेर्डे यांच्या या कामगिरीची पुरेशी दखल आपल्या समीक्षेने घेतलेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

खेद याचा की इतक्या समर्थ आरंभानंतर आपल्या चित्रपटाने बाहुल्याला भयाच्या आणि विनोदाच्या हद्दीत कोंडून ठेवले. २०१३ साली ‘झपाटलेला २’ त्रिमितीत आला, परंतु तोही तात्याचाच. ज्या पाध्ये घराण्याने अर्धवटरावांसारखे लाडके व्यक्तिमत्त्व पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, ज्यांचा ससा लिज्जत पापडाच्या जाहिरातीतून घरोघरी पोहोचला, त्यांच्या हातून एखादा प्रेमळ राक्षस, एखादा बोलका पक्षी मराठी बालपटाला का मिळू नये? परदेशात जिम हेन्सन आणि फ्रँक ऑझ यांनी १९८२ साली ‘द डार्क क्रिस्टल’ या चित्रपटात एकही मनुष्यपात्र न दाखविता संपूर्ण सृष्टी बाहुल्यांकरवी उभी केली. आज संगणक वाटेल तो प्राणी निर्माण करतो. परंतु पुष्कळदा समोर काहीच नसताना नटाला शून्याकडे पाहून दचकावे लागते, आणि ती पोकळी मुलांच्या नजरेतून सुटत नाही.

द्रव्याची अडचण सांगणाऱ्यांना मालेगावने केव्हाच उत्तर दिले आहे. यंत्रमागांच्या या गावात नासिर शेख आणि त्यांच्या सोबत्यांनी तुटपुंज्या भांडवलावर ‘मालेगाव के शोले’ काढला. पुढे यंत्रमागावर राबणाऱ्या शेख शफीक यांना नायक करून, हिरव्या पडद्याच्या युक्तीने त्यांना आकाशातही उडविले. त्या उद्योगाची कथा फैजा अहमद खान यांच्या अनुबोधपटाने जगापुढे नेली. जिथे सायकल, कापड आणि बांबू यांतून अद्भुत साधण्याची हिकमत आहे, तिथे चिंध्या, फोम आणि तारा यांतून बोलके पात्र घडविणे अशक्य कसे म्हणावे? आमच्या चित्रपट-निर्मात्यांनी या गावातील हुन्नरी हातांना आणि पिंगुळीच्या सूत्रधारांना एकत्र आणण्याची तजवीज करावी, आणि पहिली पटकथा मुलांसाठी लिहून घ्यावी.