शीर्षकावाचून

१९३० सालच्या मे महिन्यात पॅरिसच्या पिगाल दालनात रवींद्रनाथ ठाकुरांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले. त्याच महिन्यात कवीने वयाची एकोणसत्तर वर्षे पूर्ण केली. नोबेल पारितोषिक मिळून सतरा वर्षे लोटली होती, आणि ज्या इंग्रजी गद्यानुवादांच्या बळावर ते मिळाले त्यांच्यावरील युरोपचे प्रेम एव्हाना बरेचसे ओसरले होते. कोणत्याही कलाशाळेची पायरी रवींद्रनाथ विद्यार्थी म्हणून चढले नव्हते. घरात अवनींद्रनाथ व गगनेंद्रनाथ यांच्यासारखे चुलत पुतणे, शांतिनिकेतनात नंदलाल बसूंसारखा सिद्धहस्त चित्रकार. अशा परिवारात राहणाऱ्या वृद्ध कवीने स्वतःची सव्वाशेच्या आसपास चित्रे परक्या शहरात भिंतीवर टांगावीत, हे धाडसच होते. मराठीत तरी आपण त्याची बोळवण कवीच्या चरित्रातील एक मनोरम उपकथानक एवढ्यावरच करीत आलो आहोत. वस्तुतः शब्दाने जगणारा मनुष्य शब्दावाचून लोकांसमोर उभा राहतो तेव्हा काय होते, हा साहित्यसमीक्षेचाच प्रश्न आहे.

या चित्रांचा उगम सर्वश्रुत आहे. १९२४ च्या अखेरीस अर्जेंटिनात सान इसिद्रो येथे आजारी रवींद्रनाथ व्हिक्टोरिया ओकाम्पो यांचे पाहुणे होते. तेथे 'पूरबी'च्या वहीत खोडलेल्या शब्दांना आणि ओळींना ते रेषेने एकमेकांशी जोडीत, आणि त्या जोडणीतून चोची, पंख, जबडे, फुले उगवत. ती वही ओकाम्पोबाईंनी पाहिली होती. पुढे पॅरिसचे प्रदर्शन थोडक्या दिवसांत जमवून आणले तेही त्यांनीच. खोडाखोड प्रत्येक कवी करतो. परंतु कवितेतून हद्दपार झालेल्या शब्दाविषयी एवढी कणव क्वचितच कोणी दाखविली असेल. अर्थाच्या राज्यात ज्याला जागा उरली नाही त्याला आकाराच्या राज्यात आसरा द्यावा, असा हा व्यवहार आहे. मात्र आसरा मिळालेले ते प्राणी काही सौम्य नाहीत. 'गीतांजली'च्या जगात त्यांना कोणी दारातही उभे केले नसते.

१९२८ च्या सुमारास वहीचा समास सोडून हा हात स्वतंत्र कागदावर आला. रंगीत शाई, कधी लेखणी, कधी कुंचला, कधी चिंधी वा बोट, असा सारा मामला. आयुष्याच्या शेवटच्या सुमारे तेरा वर्षांत दोन हजारांहून अधिक चित्रे झाली. ही संख्या लक्षात घेतली म्हणजे 'कवीचा विरंगुळा' हा शब्द ओठांवर येत नाही.

पॅरिसला चित्रांना शीर्षके नव्हती. चित्राने व्यक्त व्हावे, आपले स्पष्टीकरण देत बसू नये, ही रवींद्रनाथांची भूमिका होती, आणि नावे मागणाऱ्यांना त्यांनी पुढेही दाद दिली नाही. प्रदर्शनाला येणारा मनुष्य बहुधा आधी चित्राखालची चिठ्ठी वाचतो आणि मग चिठ्ठीत लिहिलेले चित्रात शोधतो. (साहित्याचे आम्ही लोक तर या बाबतीत विशेष अपराधी आहोत.) ती कुबडी रवींद्रनाथांनी काढून घेतली. परंतु त्याहून मोठे एक शीर्षक दालनाच्या दाराशीच लागले होते, आणि ते काढणे त्यांच्या हाती नव्हते. ते म्हणजे त्यांचे नाव. सूचिपत्राची प्रस्तावना काउंटेस आना द नोआय या कवयित्रीने लिहिली. तिचे आश्चर्य मुख्यतः असे, की पूर्वेच्या या शांत साधूने आपल्या अंतरंगातील उपहासाला मोकळी वाट कशी दिली! हे आश्चर्य चित्रांनी निर्माण केले की साधूच्या प्रतिमेने? आम्हांस दुसरे अधिक खरे वाटते. अनामिकाने ही चित्रे मांडली असती तर प्रस्तावनालेखिकेला चकित होण्याचे कारणच उरले नसते. आणि अनामिकाला पिगाल दालन तरी कोणी उघडून दिले असते, हाही प्रश्न आहेच.

पॅरिसहून चित्रे बर्मिंगहॅम, लंडन, बर्लिन, ड्रेस्डेन, म्यूनिक, कोपनहेगन, जिनीव्हा, मॉस्को आणि शेवटी अमेरिका अशी हिंडली. जर्मनीतील स्वागत आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे. अभिव्यक्तिवादी चित्रे पाहून तेथील डोळा तयार झालेला होता. विद्रूप मुखवट्याला तो बिचकत नव्हता. बर्लिनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहात रवींद्रनाथांची पाच चित्रे गेली. पुढे १९३७ साली नाझी राजवटीने 'अधःपतित' ठरवून जी आधुनिक कला संग्रहालयांतून उपटून काढली तिच्यात तीही होती. नोबेलविजेत्या कवीचे वलय तेथे आड आले नाही. त्या राजवटीने ही चित्रे एका पंक्तीतील चित्रे म्हणूनच पाहिली, आणि म्हणूनच बाहेर काढली!

मर्ढेकरांच्या सौंदर्यमीमांसेला ही चित्रे म्हणजे आयता पुरावा वाटतील. संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांनीच कलाकृती सिद्ध होते, आणि चित्रात ही लय रंगरेषांच्या संवेदनांची असते, असे ते 'सौंदर्य आणि साहित्य'मध्ये प्रतिपादितात. खोडलेल्या तुकड्यांना लयीने तारावयाचे, ही रवींद्रनाथांची आपल्या चित्रांविषयीची धारणा त्याच्याशी सहज जुळते. पशुपक्ष्यांच्या चित्रांपुरते आम्ही ते मान्य करतो. तसले चित्र उलटे टांगले तरी त्याचा बहुतेक जोम शाबूत राहतो. पण त्यांनी वारंवार रेखाटलेला तो स्त्रीचा चेहरा घ्या: लांबट, सावळा, पार्श्वभूमीच्या काळोखातून जेमतेम सुटलेला, डोळे आपल्यावर रोखलेले, पण काही मागत नसलेले. तो उलटा केला की सारेच नाहीसे होते. समतोल बिघडला म्हणून असे झाले, असे मर्ढेकरांचा पक्षपाती म्हणेल. परंतु जे गेले ते तेवढेच नव्हे. एक मनुष्य गेला. शीर्षक काढून घेतल्याने अर्थ निघून जात नाही. त्याचे नाव तेवढे निघून जाते. लयवादाला हा फरक नीट सांगता आलेला नाही, असे आम्हांस वाटते.

मायदेशी हा अनुभव पालटला. कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत, मुकुल दे प्राचार्य असताना, १९३२ साली चित्रे मांडली गेली. येथे प्रेक्षकाला कवीची सारी गाणी पाठ होती. युरोपात अनुवादाची अडचण टळली म्हणून चित्रांचा उपयोग झाला; बंगालात टाळण्यासारखी अडचणच नव्हती. ज्याचे गाणे घरोघरी आहे त्याने हे मुके, वाकडे प्राणी कशासाठी दाखवावेत, हा संकोच श्रद्धेपोटी मोठ्याने उच्चारला जात नसे, इतकेच. श्रद्धा ही प्रदर्शनाची वाईट सोबतीण आहे. निंदकाला निदान चित्र पाहावे लागते.

आणि मग रवींद्रनाथही थोडे नमले, असे म्हणणे भाग आहे. १९३३ च्या 'विचित्रिता'त इतरांच्या चित्रांबरोबर स्वतःच्या चित्रांवरही त्यांनी कविता लिहिल्या. ते समजण्यासारखे आहे. तेथे कविताच यजमान होती. 'खापछाडा' आणि 'से' या १९३७ च्या पुस्तकांत तर शब्द व चित्र दोघेही एकाच खोडसाळपणात सामील आहेत, आणि ही जोडी आम्हांस फार आवडते. परंतु १९४० साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, निघालेल्या 'चित्रलिपी' या संपुटातील चित्रांना त्यांनी बंगाली व इंग्रजी ओळींची जोड दिली. त्या ओळी सुंदर आहेत, आणि तेच त्यांच्यावरचे आमचे गाऱ्हाणे आहे. चित्र उघडताच डोळा प्रथम त्या चार शब्दांकडे धावतो आणि मग, काय पाहावयाचे ते समजून, चित्राकडे परततो. पिगाल दालनातल्या प्रेक्षकाला ही सोय नव्हती.