'विश्वासार्ह तक्रार आली नाही'

पुण्याच्या 1897 च्या प्लेगवर मराठीत नवे काही लिहायचे उरले आहे असे मलाही वाटत नव्हते. रँड, चापेकर बंधू, गणेशखिंड, टिळकांवरचा खटला, गोखल्यांची माफी, हे आपण शाळेपासून वाचत आलो. 'केसरी'च्या त्या वर्षाच्या फायली मी पहिल्यांदा चाळल्या त्याला आता वीसेक वर्षे झाली. दिवसभर छापखान्यात मुद्रिते तपासायची आणि उरलेल्या वेळात वाचनालयात बसायचे, असा तेव्हाचा क्रम होता. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. मुद्रिते तपासणाऱ्याची एक खोड मात्र आहे: वाक्याचा अर्थ लागण्याआधी त्यातला जादा शब्द डोळ्यांत खुपतो.

पुणे प्लेग समितीच्या अहवालात असे दोन शब्द मला खुपले. घरोघर झडतीची मोहीम 13 मार्च 1897 ला सुरू झाली आणि 19 मे रोजी संपली. वॉल्टर चार्ल्स रँड समितीचे अध्यक्ष होते. झडतीला गोरे सोल्जर होते आणि समितीत लष्करी डॉक्टरही होते. या मोहिमेचा आढावा घेताना अहवाल समाधानाने नोंदवतो की, स्त्रीच्या अब्रूला हेतुपुरस्सर धक्का लावल्याची एकही विश्वासार्ह तक्रार समितीकडे आली नाही.

'हेतुपुरस्सर' आणि 'विश्वासार्ह' हे ते दोन शब्द. दोन्ही काढले तर वाक्य सरळ होते: तक्रार आली नाही. पण तसे लिहिता येत नव्हते, कारण तक्रारी येत होत्या. नातू बंधूंपैकी एक जण स्वयंसेवक म्हणून झडतीच्या तुकड्यांबरोबर फिरत होते आणि लेखी तक्रारी देत होते. म्हणून दोन शब्द घालावे लागले. तक्रार आली, पण ती विश्वासार्ह नव्हती. काही घडले असेल, तर ते हेतूने घडले नव्हते. विश्वासार्हता कोण ठरवणार? ज्यांच्याविरुद्ध तक्रार तीच समिती. आणि सोल्जरच्या मनातला हेतू तक्रार करणाऱ्या बाईने सिद्ध करायचा.

हे केवळ रँड यांचे शब्दचातुर्य समजू नये. 4 फेब्रुवारी 1897 रोजी झालेला साथरोग कायदा अवघ्या चार कलमांचा. त्याचे चौथे कलम सांगते की या कायद्याखाली सद्हेतूने केलेल्या कृत्याबद्दल कोणावरही दावा चालणार नाही. कायद्यातला 'सद्हेतू' आणि अहवालातला 'हेतुपुरस्सर' हे दोन्ही एकाच टाकसाळीतले.

आता गोखल्यांकडे येतो. ते त्या वेळी वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेत होते. पुण्याहून मित्रांची पत्रे जात होती. सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यांतल्या एकीने आत्महत्या केली, ही त्यांतली माहिती त्यांनी जुलैच्या आरंभी 'मँचेस्टर गार्डियन'ला सांगितली. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी हा आरोप दुष्टबुद्धीने रचलेला असल्याचे विलायतेत कळवले. 30 जुलैला गोखले मुंबई बंदरात उतरले. पुरावा मिळेना, तेव्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी गव्हर्नर, प्लेग समिती आणि सोल्जर या सर्वांची बिनशर्त माफी मागितली. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे मात्र त्यांनी सांगितली नाहीत.

आपल्याकडे या माफीवर जे लिहिले गेले त्यातले बहुतेक सगळे एकाच प्रश्नाभोवती फिरते: गोखले कच खाल्ले की प्रामाणिक राहिले? टिळकपक्षीयांनी कच खाल्ली म्हटले, गोखल्यांच्या चरित्रकारांनी प्रामाणिकपणा म्हटले. जहाल-मवाळांचा पुढचा सगळा भांडवलखर्च या एका कागदावर झाला आहे. मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. आधी तारखा शेजारी शेजारी मांडून पाहाव्यात. 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीत रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच गेले, रँड 3 जुलैला. जुलैच्या अखेरीस टिळकांना अटक झाली. नातू बंधूंना 1827 च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली, खटला न चालवता, स्थानबद्ध केले. म्हणजे ज्या घरातल्या माणसाने लेखी तक्रारी दिल्या होत्या ते घर सरकारने उचलले, आणि त्याच सुमारास गोखले पुरावा शोधत होते. त्या आठवड्यात पुण्यातला कोणता बाप, कोणता नवरा सहीनिशी जबानी देणार होता? आपल्या बाईचे नाव घेऊन?

पुरावा मिळाला नाही याचा अर्थ गोष्ट घडली असा नाही, हे मी दहा वेळा मान्य करीन. ती दोन स्त्रियांची हकीकत ऐकीव होती आणि ऐकीव माहिती परदेशी वर्तमानपत्राला देणे ही गोखल्यांची चूकच होती. पण घडली नाही असेही ठरले नाही. माफीने आरोप मागे गेला. चौकशी त्याआधीही झाली नव्हती, त्यानंतरही झाली नाही.

टिळकांच्या खटल्यातही तेच. ज्या मजकुरावर राजद्रोहाचा आरोप ठेवला, तो प्लेगच्या तक्रारींचा नव्हताच. 15 जूनच्या अंकातला शिवाजी उत्सवाचा वृत्तांत आणि शिवाजीच्या तोंडी घातलेली एक कविता यांवर तो होता. सहा विरुद्ध तीन मतांनी ज्यूरीने दोषी ठरवले, न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी अठरा महिन्यांची सक्तमजुरी दिली. झडतीबद्दल 'केसरी'ने महिनोन्‌महिने जे लिहिले, त्यातले खरे किती आणि अतिशयोक्त किती, हे साक्षीपुराव्याने तपासण्याची ती शेवटची जागा होती. तीही गेली.

'केसरी'ची बाजू मी सोवळी ठेवणार नाही. टिळक पुण्यात राहिले, हिंदू प्लेग हॉस्पिटल उभे करण्यात पुढे होते आणि शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांना त्यांनी खडसावले. रुग्णांना वेगळे ठेवण्याला त्यांचा तात्त्विक विरोध नव्हता. हे सगळे त्यांच्या पदरात टाकायलाच हवे. पण फायली वाचताना जाणवते की अपमानाच्या यादीत देवघर आणि स्वयंपाकघर जितके ठळक येते, तितका ज्याचे अंथरूण-पांघरूण जाळले तो गरीब माणूस येत नाही.

आणि एक तक्रार तर शेजारी असून दिसली नाही. पंडिता रमाबाईंनी त्याच मे महिन्यात मुंबईच्या 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहून प्लेगच्या इस्पितळातील स्त्रियांच्या असुरक्षिततेबद्दल जाहीर तक्रार केली. एका बाईने, स्वतःच्या नावाने, इंग्रजीत. याहून विश्वासार्ह तक्रार सरकारला कोणती हवी होती? तरी गव्हर्नरांनी ती चुकीची आणि दिशाभूल करणारी ठरवली. रमाबाई ख्रिस्ती झालेल्या, शारदा सदनावरून 'केसरी'शी त्यांचे हाडवैर. झडतीविरुद्धच्या दोन सर्वांत धीट आवाजांनी एका पंगतीला बसायचे नाकारले आणि सरकारला दोघांचे म्हणणे वेगवेगळे मोडता आले.

सावित्रीबाई फुले तर या वादात कुठेच नाहीत. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना 10 मार्चला त्या गेल्या. झडत्या सुरू होण्याच्या तीन दिवस आधी. अब्रूच्या चर्चेत सेवेला रकाना नव्हता.

वादातली सर्वांत मोठी फट दोन्ही बाजूंना दिसणे शक्यच नव्हते. उंदरांवरच्या पिसवांतून गाठीचा प्लेग माणसाला होतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत 1898 साली दाखवले, आणि तेही पुढे कित्येक वर्षे पुष्कळांनी मानले नाही. म्हणजे पुण्यात माणसे हुडकत होते आणि रोग उंदरांवर होता. रँड यांची मोहीम क्रूर की आवश्यक, यावर आपण सव्वाशे वर्षे भांडलो. ती बव्हंशी चुकीच्या गोष्टीचा शोध घेत होती, हे आपल्या लेखनात अजून तळटीपेपुरतेच येते.

हे सगळे मी 2021 पूर्वीही वाचले होते. ते दोन शब्द मात्र मला त्यानंतर खुपले. 1897 चाच कायदा मार्च 2020 मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला होता, सद्हेतूच्या कलमासकट. 21 एप्रिल 2021 रोजी नाशिकच्या महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागून प्राणवायूचा पुरवठा तुटला आणि 22 रुग्ण गेले. सगळ्या वाहिन्यांवर ते दिसले. त्याच वर्षी 20 जुलैला केंद्र सरकारने राज्यसभेत लेखी उत्तर दिले की, प्राणवायूच्या तुटवड्याने मृत्यू झाल्याचे राज्यांनी 'विशेषत्वाने' कळवलेले नाही. केंद्राने राज्यांकडे बोट दाखवले आणि राज्यांनी, मग तिथे पक्ष कोणताही असो, तशी नोंदच पाठवलेली नव्हती. पुन्हा एक जादा शब्द. तो काढून वाक्य वाचून पाहावे.

त्यानंतरच्या वादात पुन्हा तेच झाले. एका बाजूने सरकारची अब्रू, दुसऱ्या बाजूने देशाची बदनामी. परदेशी वर्तमानपत्रांत पेटत्या चितांची छायाचित्रे का छापली यावर जितके लिहिले गेले, तितके मृत्यूच्या दाखल्यावर कारण काय लिहिले जात होते यावर नाही. गोखल्यांवरही पहिला राग मजकुरापेक्षा 'मँचेस्टर'चा होताच.

माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादाच म्हणत असू, त्या एप्रिलमध्ये घरीच गेले. तालुक्याला चाचणीचे साहित्य संपले होते, जिल्ह्याला खाट नव्हती. रिक्षात घालून तीन ठिकाणी फिरवले. दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडल्याची नोंद आहे, आणि ती खोटी नाही. पुढे पन्नास हजारांचे सानुग्रह साहाय्य जाहीर झाले तेव्हा मीच वहिनींचा अर्ज भरला. शेजाऱ्यांच्या जबान्या जोडल्या, औषधांच्या दुकानाची बिले जोडली, रिक्षावाल्याची चिठ्ठीसुद्धा. दोन महिन्यांनी अर्ज परत आला. शेरा एका ओळीचा होता: 'ग्राह्य पुरावा जोडलेला नाही.'

सवयीने माझे बोट 'ग्राह्य'वर थांबले. वहिनींनी विचारले, "भाऊजी, पुन्हा भरायचा का?" मी हो म्हणालो. तो कागद सध्या रेशनकार्डाच्या पिशवीत आहे.